पांढरीतले जळके दाणे: तूर कशी ओळखायची, वय कसं ठरवायचं?

पूर्णाकाठ
अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत तूर सापडल्याची नोंद आहे. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून असे जळके दाणे काढतात कसे? वाटाणा, लाखोरी यांच्याशी गल्लत होत नाही का? थर ३,००० वर्षांचा असेल तर दाणाही तेवढाच जुना धरायचा का?

मलमल_चाळणी
नमुना परवान्याने चाललेल्या उत्खननातलाच घ्यायचा, रीठ (ओसाड गावाची जागा) स्वतः उकरायचं नाही. प्रत्येक चुलीची, खड्ड्याची, जमिनीची माती वेगळी, साधारण २० लिटर. ती पाण्यात सोडून अलगद ढवळायची आणि वर तरंगणारं जळकं काळं ०.२५ मिमी जाळीवर ओतून घ्यायचं. काळं येणं थांबेपर्यंत हेच परत परत. चिकट ढेकूळ हाताने चोळलं की दाणा फुटलाच. खायचा सोडा घालून भिजू द्या. कार्बन डेटिंगसाठीची, म्हणजे वय मोजण्यासाठीची माती मात्र बिनसोड्याची ठेवा.
डाळींचे दाणे जड, बरेचसे बुडतात. तळातला गाळ १ मिमी चाळणीवर धुऊन तपासला नाही तर अर्धी डाळ तिथेच जाते. वाळवण सावलीतच, उन्हात दाणे तडकतात.
ओळख आकारावरून सुरू होते: वाटाणा गोल, मसूर भिंगासारखी चपटी, लाखोरी कुऱ्हाडीच्या पात्यासारखी कोनदार. मूग आणि उडीद एकमेकांपासून ओळखणं कठीण. डाळ उकललेली असेल तर आतला कोंब बघा. मुगाचा अर्ध्याच्या बराच पुढे जातो, उडदाचा अर्ध्यापाशीच थांबतो. साल टिकली असेल तर उडदाच्या डोळ्याभोवती (दाणा शेंगेला चिकटलेला असतो ती खूण) उंच कड दिसते, मुगाचा डोळा सपाट असतो.

काळी_भेगा
वयाचं विचाराल तर नाही, भाऊ. आपली काळी माती उन्हाळ्यात खोल फाटते, वरचा दाणा भेगेतून सरळ खालच्या थरात उतरतो. उंदरांची बिळं आणि नंतरचे खड्डेही तेच करतात. म्हणून कार्बन डेटिंग दाण्याचंच हवं, शेजारच्या कोळशाचं नको. पेरूमधल्या गितारेरो गुहेतला घेवडा थरावरून सुमारे १०,००० वर्षांचा मानला जात होता. प्रत्यक्ष दाणा तपासला तेव्हा वय सुमारे ४,३०० वर्षं निघालं.

पूर्णाकाठ
दाणे बारीक निघाले तर रानटी समजायचे?

मलमल_चाळणी
तेवढ्यावरून नाही. जळताना दाणा आकसतो, शिवाय आपल्या कडधान्यांत दाणा मोठा होण्याचा बदल लागवड सुरू झाल्यावर खूप उशिरा दिसतो. आधी बदलतं ते शेंगेचं तडकणं आणि सालीची जाडी. शेंग क्वचितच टिकते, त्यामुळे साल मोलाची. कुळथाच्या १२ पुरातन दाण्यांची साल क्ष-किरणांनी, दाणा न फोडता मोजली गेली आणि ती काळानुसार पातळ होत गेलेली दिसली. पातळ सालीचं बी पाणी लवकर पितं, एकदम उगवतं.
तुरीत डोळ्याजवळचा उंचवटा बघा. रानतुरीत तो ठळक असतो, पिकाच्या तुरीत जवळपास नसतो. ही रानतूर आजही ओडिशात आणि गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये उगवते. तुलनेसाठी तिचे दाणे मिळवून, वाळूत पुरून, मंद आचेवर जाळून ठेवा. ताज्या दाण्याशी जळका दाणा ताडला तर फसगत होते.