दिवसभर उभं राहणं हा व्यायाम नव्हे
व्यावसायिक स्वयंपाकघरात दहा-बारा तास उभं राहून व्यायाम आपोआप होतो, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. एकाच जागी उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू पुरेसे हलत नाहीत, पायांतलं रक्त नीट वर चढत नाही. मग पाय सुजतात, पुढे शिरा फुगतात. तासातून एकदा ओट्याला धरून 15-20 वेळा टाचा उचला. पाणी उकळेपर्यंत होतं हे.

कंबरदुखीचं मूळ बऱ्याचदा ओट्याच्या उंचीत असतं. चिरताना बोर्ड कोपरापेक्षा 10 ते 15 सेंमी खाली हवा. ओटा बुटका असेल तर खाली आणखी एक जाड बोर्ड ठेवा, मध्ये ओलं फडकं. नाहीतर वरचा सरकतो आणि बोट कापतं. पीठ मळायला मात्र अजून खालचा ओटा बरा, अंगाचा भार देता येतो. सुरीला धार नसेल तर जोर लावावा लागतो आणि मनगट, अंगठ्याचा सांधा धरतो.

भट्टीजवळ तहानेची वाट पाहू नका, दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.

वजनाचं म्हणाल तर, चहाच्या एका चमच्याभर तेलातही साधारण 40 कॅलरी असतात. म्हणून चव बघायला चमचाभर तेलकट रस्सा नको, पाव चमच्यानेही कळते. आणि कामावर उभं राहण्याआधी नीट जेवून घ्या, म्हणजे येता-जाता तोंडात टाकणं आपोआप कमी होतं.