प्रतिसाद: टायगर बार्ब आणि एंजलचे कुरतडलेले फिन्स

वर जे लिहिलंय की टायगर बार्ब (पट्टेवाले छोटे शोभेचे मासे) चार-पाचच ठेवले तर चावरे होतात, आठ-दहा केले की आपसातच पाठलाग करत बसतात आणि बाकीच्यांना सोडतात, ते बऱ्याच अंशी खरंय, पण एंजल आणि गुरामी या लांब फिन्सच्या (परांच्या) संथ माशांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. माझ्याकडे चार फुटी टँकमध्ये बारा बार्ब होते तरी एंजलच्या पोटाखालच्या लांब दोऱ्यासारख्या फिन्स महिन्याभरात अर्ध्या झाल्या, शेवटी एंजल दुसऱ्या टँकमध्ये हलवला तेव्हा कुठे त्या परत वाढल्या. लांब, संथ हलणारं काही दिसलं की ते चावणारच, ते त्यांच्या स्वभावातच आहे.

अजून एक, जे इथे कोणी लिहिलं नाही. संख्या वाढवताना एक-एक मासा आणून सोडू नका हो. मी आधी सात असताना नंतर एकच आणला, तर सगळ्यांनी त्याला फिल्टरच्या मागे कोंडलं, दोन दिवस बिचारा खायला पण बाहेर आला नाही. पुढच्या वेळी चार एकदम आणले, त्याआधी दगड-लाकडांच्या जागा बदलल्या आणि सोडल्यावर रात्रभर लाईट बंद ठेवला, सकाळी बघतो तर सगळे एकाच घोळक्यात. हिरवे आणि अल्बिनो (फिकट रंगाचे) बार्ब मिळाले तरी चालतात, जात एकच आहे, साध्या पट्टेवाल्यांबरोबर मिसळतात.