स्टार ट्रेकवर २२ मिनिटांची फॅन फिल्म करतोय, स्टुडिओचे नियम कुठे आडवे येतील?

घोडबंदर_क्रू
आम्ही ठाण्यातले आठ जण. स्क्रिप्ट मराठीत, २२ मिनिटांची. पात्रं आमची, पण जहाज, गणवेश, बॅज सगळं स्टार ट्रेक या अंतराळमालिकेच्या जगातलं. घोडबंदर रोडला एक रिकामा गाळा दोन रविवार मिळतोय. क्राउडफंडिंगमधून ८० हजार उभे करायचेत, हजाराच्या वर देणाऱ्याला टी-शर्ट. मेकअपवाली आणि लाइटमन तेवढे पैसे देऊन. मालिकेची मूळ थीम सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) स्वतः वाजवणार. शेवटी ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ अशी पाटी टाकली की भागेल का?

वाशी_वार्प
पाटीला काडीची किंमत नाही. स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंटने जून २०१६ मध्ये फॅन फिल्मसाठी नियम काढले, ते पाळले तर हरकत घेणार नाही म्हणून. तो परवाना नव्हे, कधीही मागे घेण्याची मुभा त्यांनी ठेवली आहे.

एक कथा १५ मिनिटांच्या आत. फार तर दोन भाग, मिळून ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, पुढे सीझन-बिझन काही नाही. म्हणजे तुमचे अकरा-अकरा. पण कुठे तोडायचं ते आत्ताच स्क्रिप्टवर ठरवा. शूट झाल्यावर मधोमध कापलं की पहिला भाग संवादाच्या अर्ध्यात लटकतो.

नावात ‘स्टार ट्रेक’ नको. ‘अ स्टार ट्रेक फॅन प्रॉडक्शन’ हे साध्या टायपात उपशीर्षक हवंच. ‘ऑफिशियल’ हा शब्द पोस्टरवरही नको. मालकी कुणाची ते सांगणारा मजकूर नियमांत तयार आहे, तो जसाच्या तसा क्रेडिट्समध्ये टाका.

निधीची मर्यादा ५० हजार डॉलर, तिथवर तुम्ही पोचतच नाही. अडकाल ते टी-शर्टवर. देणगीच्या बदल्यात फिल्मशी संबंधित वस्तू द्यायची नाही, फुकटसुद्धा. आणि काम करणारे सगळे हौशी, बिनपैशाचे. मेकअपवालीचं मानधन तिथेच बाद. लाइट भाड्याने घेताना सोबत येणाऱ्या माणसाची शिफ्ट बिलात धरलेली असते, म्हणून स्वतः उचलून लावता येतील असे एलईडी पॅनल घ्या, नुसतं सामानाचं बिल करा.

बॅज बाजारातला असेल तर अधिकृतच हवा, नकली माल चालत नाही. स्क्रिप्टमध्ये बारचा सीन असला तर ग्लासात सरबत दाखवा, दारू-सिगारेटलाही मनाई आहे.

कलम_बावन्न
भारतात केलं म्हणून सुटका नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(अ): रास्त वापर म्हणजे खासगी उपयोग, टीका-समीक्षा किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन. फॅन फिल्म यातल्या कशातच धड बसत नाही. ‘दहा सेकंद चालतात’ ही निव्वळ लोककथा. नफा नाही हाही बचाव नाही. व्यापारी लाभ नसेल तर कलम ६३ खाली न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, एवढंच.

अमेरिकेत तरी काय? ‘अ‍ॅक्सानार’ या स्टार ट्रेक फॅन फिल्मवाल्यांनी दहा लाख डॉलरवर वर्गणी जमवली, स्टुडिओंनी खटला भरला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ‘फेअर यूज’चा, म्हणजे रास्त वापराचा, बचाव नाकारला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली.

थीम तुम्ही वाजवली तर रेकॉर्डिंग तुमचं, चाल संगीतकाराचीच. कव्हरसाठीचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाण्या-वाजवण्यासाठीचं, ३१सी कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे, चित्राखाली टाकायला वेगळी परवानगी लागते.

घोडबंदर_क्रू
म्हणजे थीम गेली. जहाजाचा आवाज तरी मूळ मालिकेतून उचलू का? दोन सेकंदांचा तुकडा आहे. आणि ठाण्यात एक हॉल घेऊन ५० रुपये तिकीट लावलं, फक्त भाडं निघण्यापुरतं?

नेरूळ_टाइमलाइन
तुकडाही नको, नियमांत क्लिपला सरळ मनाई आहे. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची गुणगुण फोनवर मिनिटभर रेकॉर्ड करा, पिच (स्वराची उंची) बारा सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, खाली, ८० हर्ट्झच्या खालचं कापा, वर थोडा रिव्हर्ब (घुमारा). संवादाखाली उणे ३० डीबीच्या आसपास ठेवलं की इंजिनरूम तयार. रेकॉर्ड करताना पंखा बंद, नाहीतर फरफर पिचबरोबर खाली येते आणि मग कशानेच निघत नाही.

तिकीट नको. भाडं वसूल करण्यापुरतंही नको, प्रदर्शन मोफतच. सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवा.

यूट्यूबवर चॅनेल मॉनेटाइज्ड (जाहिरातींतून कमावणारं) असेल तर त्या व्हिडिओची जाहिरात बंद करा. कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम आला तर घाबरू नका, तो स्ट्राइक नव्हे. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट भंगाची नोंद, ती वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जातं. आधी अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असं) चढवा, तपासणी पूर्ण होऊ द्या, क्लेम दिसला तर तिथला आवाज बदलून नवी फाइल टाका. पब्लिक मग करा.

वाशी_वार्प
एक राहिलं. फिल्म स्वतःच्या नावे कॉपीराइट नोंदणीला टाकू नका, नियमांत त्यालाही बंदी आहे. ग्रुपमध्ये एखादा उत्साही असतोच.