लिपोसोमल इंजेक्शन खरंच गाठीपाशीच फुटतं का? आईसाठी विचारतेय

द्राक्षबाग_निफाड
नमस्कार. आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, वय 61. पहिली केमो झाली, दीड वर्षानं आजार पुन्हा उलटला. आता दर चार आठवड्यांनी तिला नाशिकला नेते, डे-केअरमध्ये लाल औषध लावतात. वायलवर ‘लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन’ लिहिलंय. भाचा म्हणतो, हे नॅनो औषध आहे, थेट गाठीपाशी जाऊन तिथंच फुटतं, बाकी अंगाला लागतच नाही. पण दुसऱ्या डोसनंतर आईचे तळहात लाल झालेत, अंगठ्याच्या मुळाशी कातडी सुटलीय. विळी धरवत नाही तिला. गाठीतच फुटत असेल तर हाताला काय झालं? आम्ही बागेला ठिबकनं खत सोडतो ते मुळाशीच जातं, तसंच असेल असं मला वाटलं होतं.

फार्मसीचा_मास्तर
ताई, आधी हाताचं. आजच डे-केअरला फोन करा, पुढच्या डोसची वाट बघू नका. हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे. किती वाढलाय ते बघून डॉक्टर डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात.

मी गंगापूर रोडला राहतो, बी.फार्मच्या मुलांना हाच विषय शिकवतो. ‘तिथंच फुटतं’ हे वाक्य दरवर्षी कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेत येतं आणि दरवर्षी मी ते खोडतो, कारण ते ऐकून घरचे बेसावध राहतात.

ठिबकची नळी तुम्ही स्वतः मुळाशी नेता. इथं नळी नाही. औषध रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. पाटाच्या बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली की पाणी तिथून झिरपतं ना, तसं समजा. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतीत फटी राहतात. लिपोसोम म्हणजे औषध भरलेला चरबीचा फुगा, साधारण 100 नॅनोमीटरचा, तो त्या फटींतून आत शिरतो. हृदयाच्या वाहिन्यांची भिंत घट्ट असते, म्हणून साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला धोका कमी. हाच त्याचा मोठा फायदा. अमेरिकेत 1995 साली त्याला पहिली परवानगी मिळाली ती एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कॅन्सरसाठी. पण फुग्यावर पॉलिमरचं आवरण असल्यामुळे तो कित्येक दिवस रक्तात राहतो. त्यातलं काही तळहाता-तळपायांच्या बारीक वाहिन्यांतून कातडीत उतरतं. त्यातच घर्षण आणि उष्णता.

खुणेवर, म्हणजे उष्णता किंवा आम्लता मिळाली की, उघडणारे फुगे वेगळे, आईला दिलेला त्यातला नाही. बाहेरून उष्णता दिली की उघडणारा लिपोसोम बनवलाय, 40 अंशांच्या आसपास त्याची भिंत सैल पडते. यकृताच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत 2013 साली तो ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कल्पना इतकी सुंदर होती. दुसरी खूण आम्लतेची. रक्ताचा पीएच 7.4, गाठीभोवती थोडा कमी, आणि पेशीनं गिळलेल्या पिशवीत तर 5-6 पर्यंत उतरतो. ही शेवटची खूण प्रत्यक्षात चालली: 2018 मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे एका आनुवंशिक आजारावरचं औषध आणि कोविडच्या एमआरएनए लसी यांतले लिपिड त्या आंबट पिशवीतच विद्युतभारित होतात आणि आतला माल पेशीत सोडतात.

डेकेअर_सिस्टर
मी नाशिकलाच केमो लावते. हे औषध आम्ही फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतो, सलाईनमध्ये कधीच नाही. पहिला डोस अगदी हळू सोडतो, कारण सुरुवातीलाच कुणाला धाप लागते, कुणाचं तोंड लाल होतं. साधं डॉक्सोरुबिसिन काचेसारखं पारदर्शक लाल दिसतं, हे किंचित गढूळ. ते बघून नातेवाईक घाबरतात, पण फुग्यांमुळे ते तसंच दिसतं. आणि ताई, वायल तुम्ही आणत असाल तर बर्फाला चिकटवून आणू नका. 2 ते 8 अंश हवं, गोठायला नको.
आजींना सांगा: डोसनंतर काही दिवस गरम पाण्यानं भांडी नाही, अंघोळ कोमट, घट्ट चप्पल नाही. हातापायांना साधं मलम हलकेच लावा, चोळू नका.

द्राक्षबाग_निफाड
फोन केला. उद्या सकाळी दाखवायला बोलावलंय, डोसचं त्यानंतर ठरवतील. आई रोज कढत पाण्यानं दुधाची भांडी घासत होती, मला वाटलं हालचाल राहील म्हणून मीच करू देत होते. बांधाचं उदाहरण तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग खेकडं माझ्या हातातपण आहेत का?” आणि विळी वहिनीकडे दिली.