डर्बनहून टेलिफोनच्या तारेची टोपली आणायची आहे, काय बघून घेऊ?

चिंचगुळ: पुढच्या महिन्यात नवऱ्याचं डर्बनला काम आहे, मीही आठवडाभर सोबत जातेय. मैत्रिणीच्या भिंतीवर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांची रंगीत तारेची टोपली पाहिली, मधून भोवऱ्यासारखी फिरत गेलेली नक्षी. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दोन-तीन घ्यायच्यात. चांगली कशी ओळखायची? घासाघीस करावी का?

परडी: तिला इम्बेंगे म्हणतात. अनेक असल्या की इझिम्बेंगे. दोन प्रकार मिळतील. एकात पोलादी तारेच्या गाभ्याभोवती रंगीत तार गुंडाळत नेतात. ती कडक, जड. दुसरी साच्यावर नुसत्या रंगीत तारेने विणलेली, हलकी. मला दुसरी आवडते, नक्षी जास्त बारीक येते. कुठलीही घ्या, आधी उलटी करा. टोकं आत नीट दडवलीयत का, मधला पहिला वेढा घट्ट आहे का, ते बघा. मग उजेडासमोर धरा, विणीत फटी दिसल्या तर खाली ठेवा. मी विमानतळावरच्या दुकानातून घाईत घेतली होती, घरी आल्यावर काठाची टोकं बोटाला टोचायला लागली.

तिरकस: प्लॅस्टिक चढवलेली तांब्याची तार, आणि म्हणे पारंपरिक! गवताची घ्या की.

परडी: तिरकसराव, मूळ गवताचीच. गवत आणि इलाला ताडाच्या पात्यांची, बिअरच्या मडक्यावर झाकायला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला डर्बनचे रात्रपाळीचे रखवालदार टेलिफोनची टाकाऊ तार आपल्या काठ्यांवर विणू लागले आणि तीच वीण टोपलीवर आली. आपल्याकडे गोधडीत नायलॉनच्या साडीचा तुकडा आला म्हणून ती गोधडी नाही का? इलियट म्खिझे हे यातलं मोठं नाव. २०२४ साली अमेरिकेत सांता फेच्या लोककला संग्रहालयात फक्त या तारकामाचं प्रदर्शन लागलं.

चिंचगुळ: मग तार अजून टाकाऊच असते का?

परडी: आता बहुतेक नवीच, विणकामासाठी म्हणून बनवलेली. त्यामुळे कुणी "अस्सल जुनी तार" म्हणून जास्त पैसे मागितले तर भुलू नका. वीण बघा.

समुद्रपक्षी: डर्बनला दोन वर्षं होतो. शहराजवळची सियांदा वस्ती या विणकरांसाठी ओळखली जाते, पण अनोळखी माणसाने एकट्याने तिथे जाऊ नये. ओळखीचं कुणी असेल तरच. घासाघीस मी तरी केली नाही. बारीक नक्षीच्या एका टोपलीत कित्येक दिवस जातात. तीन एकदम घेतल्या तर "काही कमी होईल का" एवढं विचारा, बस. आणि विणणाऱ्याचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहा, ती मागे दोऱ्याने बांधा. यातल्या बहुतेक टोपल्या बिननावाच्याच विकल्या गेल्यात, नंतर शोधून सापडत नाही.

परडी: हे फार महत्त्वाचं. मी नाही विचारलं, अजून चुटपुट लागते. मुंबईला आणणार असाल तर पोलादी गाभ्याची बाथरूमच्या भिंतीजवळ किंवा समुद्राकडच्या खिडकीत नको, काठाला गंज धरतो. थेट ऊनही नको, रंग उडतात. धूळ कोरड्या ब्रशने. आणताना एकात एक बसवा आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

चिंचगुळ: सगळ्यांचे आभार. नवरा विचारतोय, त्यात कांदे ठेवता येतील का.

समुद्रपक्षी: आमच्याकडे लसूण आहे, पाच वर्षं.

तिरकस: बघा, मडक्यावरचं झाकण शेवटी स्वयंपाकघरातच परतलं. एक माझ्यासाठीही आणा, निळी असेल तर.