मदत हवी आहे: गावाकडच्या आईवडिलांच्या फोनमध्ये कोणती अ‍ॅप ठेवू, कोणती उडवू?

नमस्कार मंडळी,

आईवडील पाटण तालुक्यात असतात आणि मी पुण्यात. पुढच्या शनिवार-रविवारी गावी जातोय तेव्हा दोघांचे फोन एकदाचे नीट लावून यायचेत म्हणून हा धागा काढतोय. यूट्यूबवर 'तुमच्या फोनमध्ये असायलाच हवीत अशी २५ अ‍ॅप' छापाचे बरेच व्हिडिओ बघून झाले, सगळे फोटो एडिटिंग, टू-डू लिस्ट आणि पाणी प्यायची आठवण करून देणारं अ‍ॅप असलंच काहीतरी सांगतात. आमच्या गावात पाणी कधी प्यायचं ते सांगावं लागत नाही, नळाला कधी येणार ते सांगणारं असेल तर जरूर सांगा.

परिस्थिती अशी आहे. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाकडून मिळणारी तुटपुंजी पेन्शन येते. दोन एकर रान आहे, ते स्वतः बघतात. इतकी वर्षं इंजिनांच्या आवाजात गेल्यामुळे ऐकू कमी येतं, मशीन घेऊन दिलं तर ते कपाटात. आईला मराठी फर्डं वाचता येतं पण टाइप करायचा कंटाळा, आणि आयुष्यभर शेणामातीत हात गेल्याने तिचे बोटांचे ठसे कुठल्याच मशीनवर उमटत नाहीत, रेशन दुकानात दर वेळी तेच रामायण. रेंज एका खोलीत येते, दुसऱ्या खोलीत जाते.

माझा नियम एकच, प्रत्येकाच्या पहिल्या स्क्रीनवर आठच्या वर अ‍ॅप नकोत. अण्णांचा फोन हातात घेतला तर चार क्लीनर, तीन बॅटरी सेव्हर, दोन टॉर्च आणि भविष्य सांगणारं एक, ही कुठून आली ते त्यांनाही माहीत नाही. ती सगळी जाणार.

काही गोष्टी माझ्या मी ठरवल्यात. सरकारी कागदपत्रं फोनमध्ये ठेवायचं डिजिलॉकर ठेवणार. महावितरणचं वेगळं अ‍ॅप नको, बारा आकडी ग्राहक क्रमांक पेमेंट अ‍ॅपमध्ये एकदा घालून ठेवला की बिल तिथेच दिसतं. सातबाऱ्यासाठीपण अ‍ॅप नको, डिजिटल सातबाराच्या सरकारी साइटवर १५ रुपयांत सहीचा उतारा मिळतो तो मीच इथून काढून पाठवतो, महाभूलेख या सरकारी साइटवरचा फुकटचा नुसता बघायला असतो, बँकेत चालत नाही.

आता जिथं अडलोय ते.

हयातीचा दाखला. दरवर्षी अण्णा कराडला जाऊन रांगेत उभे राहतात. चेहरा दाखवून घरबसल्या होतो असं ऐकलंय, कुणी स्वतः केलंय का? नुसतं 'होतं ओ' नको, कसं ते सांगा.

यूपीआय. अण्णांना दुकानात, खताला, डॉक्टरकडे वापरायचंय आणि वापरावं असं मलाही वाटतं, पण ज्या खात्यात सगळी पुंजी आहे तेच खातं फोनला जोडायला माझा हात धजत नाही. शेजारच्या आळीत एकाला लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली, दाबली, आणि खातं साफ. तेव्हापासून आई तर फोनवर आलेली खरी पत्रिकासुद्धा उघडत नाही.

लांबून मदत. 'अरे ते हिरवं गोल गेलं' असा फोन येतो तेव्हा इथून त्यांची स्क्रीन दिसली पाहिजे. पण दुसऱ्याचा फोन लांबून चालवायची अ‍ॅप टाकायला भीती वाटते कारण भामटेपण तीच टाकायला सांगतात.

आणि शेवटचं, अण्णांना फोनवरचं बोलणं कळत नाही, समोरच्याचंपण निम्मं कळत नाही, त्यावर काही आहे का.

पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप असेल तरी चालेल पण जाहिराती नकोत, चुकून जाहिरात दाबली की पुढचा अर्धा तास मला फोनवर.

—

प्रतिसाद: घाटावरची

दादा, दाखला मी माझ्या सासऱ्यांचा फोनवरच काढते, नक्की होतो. दोन अ‍ॅप लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. दुसरं टाकल्यावर त्याचं चिन्ह कुठेच दिसत नाही, त्याने घाबरू नका, ते मागून चालतं, लोक इथेच 'आलं नाही' म्हणून परत परत टाकत बसतात.

आधी ऑपरेटर म्हणून नोंद करायची, ती तुम्ही स्वतःच्या आधारने करा, ओटीपी आणि तुमचा चेहरा. मग पेन्शनरची माहिती, म्हणजे अण्णांचा आधार, त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), बँक खातं. पेन्शन मंजूर करणारे आणि पैसे देणारे दोन्हीकडे ईपीएफओ, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचं ऑफिस, निवडायचं. मग अण्णांचा चेहरा. उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढा, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं तेव्हा अण्णांना आधीच सांगून ठेवा कारण आमचे मामंजी श्वास रोखून पुतळ्यासारखे बसले होते आणि अ‍ॅप त्यांना जिवंत मानेचना! झालं की प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज येतो, दाखल्याचा पीडीएफ जीवन प्रमाणच्या साइटवरून निघतो.

दुसरं म्हणजे ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरची घाई नसते. वर्षात कधीही द्या, दिलेल्या तारखेपासून बारा महिने चालतो. त्यामुळे गर्दी नसलेल्या महिन्यात उरका. अगदीच नाही जमलं तर पोस्टमन घरी येऊन काढून देतो, टपाल खात्याच्या बँकेची ती सोय आहे.

—

प्रतिसाद: जुना वायरमन

यूपीआयचं मी सांगतो. दोन रस्ते आहेत.

एक यूपीआय लाइट. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता जातात. भाजी, दूध, केस कापणं सगळं त्यात. फोन गेला तरी पिनशिवाय जाऊन जाऊन तेवढेच जाणार. पण खातं जोडावं लागतंच, म्हणून पुंजीचं खातं नाही, दुसरं छोटं खातं काढा आणि त्यात महिन्याचे लागतील तेवढेच टाका. हे मला सगळ्यात पटतं, कारण यात अ‍ॅपवर विश्वास ठेवावा लागतच नाही, खात्यात नसलेलं कोण नेणार?

दुसरा यूपीआय सर्कल, भीम या पेमेंट अ‍ॅपमध्ये आहे. खातं तुमचं, खर्च अण्णा करणार. महिन्याला १५,००० पर्यंत आणि एका वेळी ५,००० पर्यंत मुभा देता येते, किंवा दर वेळी तुम्ही मंजुरी द्यायची असं ठेवता येतं. दर वेळच्या मंजुरीच्या नादी लागू नका, तुम्ही मीटिंगमध्ये आणि अण्णा खताच्या दुकानात ताटकळत उभे. शिवाय माझा अनुभव असा की मुलाच्या खात्यातून चहा प्यायला आपल्या पिढीला जड जातं, अण्णांना आधी विचारा.

त्या लग्नपत्रिकेबद्दल. ती पत्रिका नसतेच, एपीके म्हणजे अ‍ॅपच असतं, आत शिरून ओटीपीचे मेसेज वाचतं. आरटीओचं चलान, पीएम किसान, वीज तोडण्याची नोटीस, नावं बदलतात, माल तोच. फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' असं एक पान असतं, तिथं व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. आईंना सांगा फोटो किंवा पीडीएफवाली पत्रिका बघायला हरकत नाही, 'इन्स्टॉल' असा शब्द आला की फोन ठेवून द्यायचा. आणि १९३० हा नंबर फोनमध्ये 'पैसे गेले तर' या नावाने सेव्ह करा. सायबर पोलिसांची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. नंतर चौकीत जाऊ म्हणून थांबायचं नाही.

—

प्रतिसाद: रानमेवा

शेती आहे म्हणताय आणि दामिनीचं नाव कुणी घेतलं नाही? ते पहिल्या स्क्रीनवर टाका. आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आहे, वीज आजूबाजूला २०-४० किलोमीटरमध्ये कडाडायला लागली की इशारा देतं. एप्रिल-मेच्या वळवात रानात एकटा माणूस आणि आंब्याचं झाड, पुढचं सांगायला नको. लोकेशन चालू ठेवावं लागतं आणि रेंज नसेल तर काही उपयोग नाही हे खरं, तरी पाहिजेच.

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचं सरकारी अ‍ॅप, ते तुमच्याने पुण्यातून होणार नाही, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, लोकेशन बघतं ते. अण्णांच्या फोनमध्ये घाला आणि एकदा बरोबर जाऊन करून दाखवा. शेवटच्या दिवसांत सर्व्हर मान टाकतो, सुरुवातीलाच करा. रानात रेंज नसली तर भरून ठेवायचं आणि घरी येऊन अपलोड करायचं.

मेघदूत पण टाकून बघा, हवामान आणि पिकाचा सल्ला मराठीत येतो. आमच्याकडे मात्र सल्ला कमी आणि आकाशाकडे बघणं जास्त.

—

प्रतिसाद: आकाशवाणीप्रेमी

ऐकू कमी येतं त्याला लाइव्ह ट्रान्सक्राइब. गूगलचं आहे, फुकट, जाहिराती नाहीत. २०१९ ला आलं, कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या मदतीने बनवलंय. भाषा मराठी निवडायची, फोन मधे ठेवायचा, समोरचा बोलतो ते मोठ्या अक्षरात उमटत जातं. माझ्या वडिलांसोबत डॉक्टरकडे गेलो की मी हेच लावतो. साताऱ्याकडचं बोलणं त्याला सगळं समजतं असं नाही, 'गेलतो' चं काहीही करतं, आणि चारजण एकदम बोलले की गोंधळ. पण एकास एक बोलताना कामाचं आहे. नेट लागतं, म्हणजे रेंजच्या खोलीत बसा.

फोनवरच्या बोलण्याला त्याचा उपयोग नाही, तिथं व्हिडिओ कॉल करा, तोंड दिसलं की निम्मं समजतं. आणि मशीन कपाटात का गेलं ते एकदा विचारा हो, नीट लावून दिलेलं नसतं बऱ्याचदा. आमचं पुन्हा नेऊन सेट करून घेतल्यावर कानात राहायला लागलं.

आईंसाठी न्यूज ऑन एअर टाका, सांगली, कोल्हापूर सगळी आकाशवाणी केंद्रं त्यात लागतात. टायपिंगच्या कंटाळ्याला जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माइक, बोललेलं टाइप होतं, भाषा मराठी करून द्या, आमची आई आता एवढे लांबलचक मेसेज पाठवते की वाचायला सुट्टी काढावी लागते.

—

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@जुना वायरमन, वेगळ्या खात्याचं पटलं, अण्णांनाही पटेल कारण हिशोब वेगळा राहतो. सर्कलला ते नाहीच म्हणतील, तुमचं बरोबर आहे.

@घाटावरची, ताई, पुतळ्याचं वाचून आई अजून हसतेय. आता माझी पंचाईत, आईच्या आधारला माझा नंबर जोडलाय, तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. म्हणजे तिचं काहीही करायचं तर ओटीपी पुण्यात. बदलावा का?

आणि स्क्रीन बघायचं कुणी सांगितलंच नाही.

—

प्रतिसाद: जुना वायरमन

स्क्रीनसाठी वेगळं काही टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर आहे, तुम्हाला दिसतं पण तुम्हाला तिकडे काही दाबता येत नाही, आणि तेच बरं आहे. 'वरून दुसरं, आता डावीकडे' असं सांगत बसावं लागतं, वैताग आहे, पण त्यांच्या हाताला सवय लागते. मात्र त्या वेळी पेमेंट अ‍ॅप उघडायचं नाही. आणि फक्त तुम्ही लावलेल्या कॉलवर, बँकेतून बोलतोय, पोलीस स्टेशनातून बोलतोय म्हणणाऱ्याने सांगितलं तर नाही म्हणजे नाही. नवीन नंबरवरून तुमच्या नावाने कुणी बोललं तर आईंनी घरातलंच माणूस सांगू शकेल असं काहीतरी विचारायचं, ते आधी ठरवून ठेवा.

—

प्रतिसाद: घाटावरची

बदला बदला, लगेच बदला. आईंचा नंबर आईंकडेच हवा, नाहीतर तुमचा फोन लागला नाही की त्यांचं सगळं अडतं. आधार केंद्रावर आईंना घेऊन जा, मोबाइल बदलायला कागदपत्र लागत नाही, फी थोडी असते. ठशांचं मशीन हट्ट करायला लागलं तर डोळ्यांचं करा म्हणा, ते असतं त्यांच्याकडे. त्याच फेरीत ठसे नव्याने घ्यायलापण सांगा, रेशनला कदाचित फरक पडेल. जायच्या आधल्या रात्री आईंना हाताला तेल चोळून झोपायला सांगा आणि सकाळी साबणाने हात स्वच्छ धुऊन न्या, आमच्याकडे चुलतसासूबाईंचे तसेच उमटले.

शनिवारी केंद्र उघडं असतं का ते मात्र आधी कुणाला तरी विचारायला लावा, नाहीतर तुमची सुट्टी फुकट जायची.