छातीचा पट्टा आणि सुरुवातीचे भरकटलेले आकडे
एकाने विचारलंय की हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावूनही धावायला लागल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं घड्याळात ठोके १९०-२०० का दिसतात. बहुतेक वेळा पट्टा कोरडा असतो, बाकी काही नाही. आतल्या बाजूच्या इलेक्ट्रोडना (त्वचेवरून ठोक्यांचा सिग्नल टिपणारे भाग) ओल लागते, घाम येईपर्यंत आकडे भरकटतात. मी लावण्याआधी आतली बाजू सरळ नळाखाली धरतो. अंगावर काटा येतो, पण आकडे पहिल्या मिनिटापासून शहाण्यासारखे वागतात. तरीही उड्या मारत असतील तर पट्ट्यातला गोल बटण सेल (बहुतेक सीआर २०३२) बदलून बघा.

आणि हो, पट्टा घड्याळाला सापडतच नसेल तर आधी फोनवरचं ॲप बंद करा. बरेच जुने ब्लूटूथ पट्टे एका वेळी एकच जोडणी घेतात. अँट प्लसला (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) ही भानगड नाही, एकच सिग्नल घड्याळ आणि सायकल कॉम्प्युटर दोघंही ऐकतात.